यादीत नसलेलं घर

सरलाताईंनी बूट घेतले तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभी होते, म्हणून हे सांगायचा हक्क माझा. नोव्हेंबरमधली दुपार होती. कलकत्त्यात एस्प्लनेडच्या फुटपाथवर एकाहत्तर वर्षांच्या, सुती पातळातल्या, केसांचा सुपारीएवढा अंबाडा घातलेल्या बाईने घोट्याच्या वर येणारे, जाड तळव्याचे, नाड्यांचे बूट मागितले. दुकानदाराने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मासिमा, पाहाडे जाबेन?" त्याने विचारलं. डोंगरात निघालात की काय, म्हणून.

सरलाताई त्याला बंगालीतच "बघू या" म्हणाल्या आणि स्टुलावर बसून पाय पुढे केला. आम्ही खरं तर जावयासाठी मोजे घ्यायला आलो होतो.

"कुणासाठी हे?" मी विचारलं.

"पायांसाठी," त्या म्हणाल्या.

मी गप्प बसले. मी गप्प बसले, हे आमच्या ह्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही. पण सरलाताईंचं असंच आहे. त्या भांडत नाहीत, आवाज चढवत नाहीत, आणि शेवटी मला कळेनासं होतं की नक्की काय झालं. बावीस वर्षांच्या ओळखीत मला त्या पूर्ण कळल्या असं एकदाही वाटलेलं नाही.

त्या कलकत्त्यात आल्या लग्न होऊन. श्यामसुंदरराव कस्टम्समध्ये होते, खिदिरपूरच्या गोदीवर. बदलीची नोकरी, तीन वर्षांत परत जाऊ, असं म्हणत आलेली माणसं. बदली दोनदा आली आणि दोनदा रद्द झाली, मग त्यांनीच वाट बघणं सोडलं. मुलगी मंजुषा इथेच जन्मली, इथेच शिकली, जावई इथल्याच आयटीतला मिळाला. श्यामसुंदरराव जाऊन नऊ वर्षं झाली. सरलाताई ढाकुरियाच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. राहत होत्या, असं म्हणायला हवं.

मंजू आणि तिचा नवरा सलील पंधरा वर्षांपूर्वी अरुणाचलात गेले. लोहित नदीच्या बाजूला एका संस्थेची शाळा आहे, मुलींचं वसतिगृह आहे, छोटासा दवाखाना आहे. एक वर्ष काम करून येतो म्हणून गेले आणि तिथलेच झाले. त्यांची आभा तिथेच जन्मली, आता तेरा वर्षांची आहे. आमचे हे, म्हणजे अरुण, त्यांना 'आपले मिशनरी' म्हणतात. धर्मबिर्म काही नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आता आख्खं मराठी मंडळ तेच म्हणतं.

वसतिगृहातल्या काही मुलींना इथल्या घरांचा आधार आहे. एकेका घराने एकेक मुलगी आपली मानलेली. तिची पुस्तकं, तिचा स्वेटर, वाढदिवसाचं पत्र. आमच्या वाटची मुलगी दुसरीत होती तेव्हापासून आमची आहे, आता नववीत गेली. ही सगळी घरं सरलाताईंनी एकेक करून जोडली. कोलकात्यातला मराठी माणूस म्हणजे आज आहे, उद्या बदली. एक घर पुण्याला गेलं की सरलाताई दुसरं शोधत. मंजूची पत्रं आधी कार्डावर उतरवून घरोघर टाकत, नंतर व्हॉट्सॲपवर. नदीला पूर आला, घंटा चोरीला गेली, एक सहा वर्षांची पोर दोन दिवस चालत शाळेत आली आणि फी म्हणून काखेत कोंबडी घेऊन आली, हे सगळं आम्हाला सरलाताईंकडून कळायचं. अरुण म्हणायचे, बाई लष्कराच्या भाकऱ्या भाजतात. त्या हसायच्या आणि पुढच्या घरी जायच्या.

संस्थेचा नियम असा की दर चार वर्षांनी तीन महिने घरी जायचं. ज्यांच्या जिवावर काम चालतं त्यांना भेटायचं, दात-डोळे तपासून घ्यायचे, जरा माणसांत यायचं. मागच्या खेपेला मंडळाच्या हॉलमध्ये एक मेळावा झाला. माइक, पडद्यावर फोटो, बटाटेवडे. नंतर तक्रारी. आमच्याकडे पाणी प्यायलासुद्धा आले नाहीत. त्यांच्याकडे दोनदा गेले, आमच्याकडे नाही. त्या वर्षी दोन घरं सुटली, आणि दोन मुलींचे स्वेटर सरलाताईंनी स्वतः विणले.

म्हणून या खेपेला त्यांनी वार लावले.

हे आजकालच्या मुलांना सांगावं लागतं. पूर्वी गरीब घरचा मुलगा शहरात शिकायला आला की सात घरं धरायचा. सोमवारी एकाकडे जेवायचं, मंगळवारी दुसऱ्याकडे, असा आठवडा भागवायचा. सरलाताईंचे वडील मिरजेत असे शिकले. कोणत्या घरची आमटी कशी होती हे ते म्हातारपणीही वारांप्रमाणे सांगत. "सात घरचं जेवलेल्या माणसाला कुणी परकं राहत नाही," हे सरलाताईंचं नेहमीचं वाक्य. मी एकदा विचारलं होतं, आणि वडिलांची स्वतःची आई? "ती गावी होती ना," त्या म्हणाल्या. "तिचा कुठला वार असणार?"

कोजागिरीनंतर आम्ही त्यांच्याकडे जमलो. सात संध्याकाळी, सात घरं. मंगळवार आमचा. बुधवार हावड्याच्या प्रभाकररावांचा, त्यांचा तिथे छोटा कारखाना आहे आणि बायको गेल्यापासून ते स्वतः उत्तम स्वयंपाक करतात. गुरुवार न्यू टाउनच्या केतकी आणि ओंकारचा, दोघंही कॉम्प्युटरवाले. बाकीच्यांची नावं घेत नाही, कारण शनिवार कुणाला यावरून जी वादावादी झाली ती अजून पूर्ण मिटलेली नाही. सरलाताईंनी सुवाच्य अक्षरात यादी लिहिली आणि फ्रिजवर लावली. अकरा आठवडे, एकही संध्याकाळ मोकळी नाही. कुणाचं मन दुखायला नको.

त्या यादीत त्यांचं स्वतःचं घर नव्हतं. आठ बायका आणि तीन पुरुष त्या यादीकडे बघत चहा प्यायलो, पण ते कुणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

आणि त्या बरोबर यायच्याही नाहीत. पहिल्याच मंगळवारी मी फोन केला, तुम्हीही या. "छे गं," त्या म्हणाल्या, "वार लावलेल्या मुलाबरोबर त्याची आई येत नसते. शिवाय माझ्यासमोर लोकांना मोकळेपणी विचारता यायचं नाही. मी घरचीच आहे, मला रोज भेटतातच की."

मला ते पटलं. तेव्हा पटलं.

पहिल्या मंगळवारी मी पुरणपोळी केली. तिकडे कुठे मिळणार बिचाऱ्यांना! सोमवारवाल्यांनी पुरणपोळी केली होती. बुधवारी प्रभाकररावांनी पुरणपोळी केली. आभा दुसऱ्या मंगळवारी ताटाकडे बघून हळूच म्हणाली, "फिर से?" आणि सलीलने तिला कोपराने ढोसलं. तिचं मराठी म्हणजे हिंदीवर मराठीची फोडणी, पण तो एक शब्द मला स्वच्छ कळला. पुढच्या वेळी मी श्रीखंड केलं. त्या आठवड्यात श्रीखंडही सगळ्यांनीच केलं असणार.

जेवण झालं की सलील त्याचा मोबाइल टीव्हीला जोडायचा आणि मंजू दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायची. "आमच्याकडे सध्या अठ्ठेचाळीस मुली आहेत. सगळ्यात लहान सहा वर्षांची आहे..." मग कोंबडीची गोष्ट. मग आमच्या मुलीचे फोटो. मग आमचे प्रश्न. तिकडे काय खाता? साप निघतात का? भाषा येते का? थंडी किती? प्रत्येक घरी हेच प्रश्न पडत असणार, कारण दुसरे प्रश्न कुठून आणायचे? चौथ्या मंगळवारपर्यंत मला तिचं भाषण तोंडपाठ झालं होतं. ती कोंबडीवर आली की मी आतून बडीशेप आणायला उठायचे.

हीच मंजू. शाळेत असताना माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर चढून बसायची, माझ्याशी वाद घालायची, माझ्या फोडणीला नावं ठेवायची. आता समोर कोण बसलंय ते मला कळेना. चांगली होती, हसत होती, आभार मानत होती. मला तिच्या आभारांचा राग येत होता. का येत होता, तेही कळत नव्हतं.

पाचव्या की सहाव्या मंगळवारी, जानेवारीत, ती जेवण होताच स्वयंपाकघरात आली. "तेजूमावशी, आज काही सांगायला नको, चालेल?"

"नको सांगूस बाई. मी काय तुझी परीक्षा घेतेय?"

ती भांडी घासायला लागली. आमच्याकडे भांड्यांना बाई आहे, हे मी सांगितलं नाही. बराच वेळ नळाचा आवाज. मग तिने विचारलं, "आई रात्री काय जेवते?"

"मला काय माहीत? राहतेस तू तिच्याकडे."

"आम्ही निघतो तेव्हा म्हणते, तुम्ही व्हा पुढे, मी करून घेईन. परत येतो तेव्हा झोपलेली असते. सकाळी फोन सुरू होतात, सलीलला कुठे कुठे जायचं असतं, माझं दवाखान्यातलं ट्रेनिंग, आभाचे दात." तिने कढई उलटी ठेवली. "मावशी, मला आईला एक विचारायचं होतं, पण..."

तेवढ्यात बाहेरून अरुणनी हाक मारली. अगं, येताय का दोघी, फोटो लागले टीव्हीवर! मंजूने हात पुसले आणि बाहेर जाऊन अठ्ठेचाळीस मुलींपासून सुरुवात केली. अरुणना मी त्या दिवशी दोन दिवस पुरेल इतकं बोलले, आणि त्यांना कशाबद्दल ते शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तडक ढाकुरियाच्या तलावावर गेले. सरलाताई रोज तिथे फिरतात. लांबूनच दिसल्या. पातळ, शाल, कानटोपी, आणि पायात ते बूट.

"हे काय?"

"सवय करतेय. पहिले आठ दिवस टाचा सोलल्या, आता बरं आहे."

आम्ही बाकावर बसलो. मी सरळ विचारलं, आणि त्यांनीही, देवाशपथ, सरळ सांगितलं. "मला तिकडे जायचंय तेजू. राहायला. पंधरा वर्षं मी लोकांना सांगतेय, नदी अशी, घंटा तशी, मुली कशा ओळीने जेवायला बसतात. मी यातलं काहीसुद्धा पाहिलेलं नाही. आधी ह्यांचं हृदयाचं दुखणं होतं. नंतर वाटलं, आता बोलावतील."

"बोलावलं नाही?"

"नाही."

"मग जा ना! मुलीचं घर आहे."

"मुलीचं घर नाहीये ते, कामाची जागा आहे. न बोलावता कामाच्या जागी जाऊन बसायचं? म्हातारं माणूस म्हणजे एक काम वाढतं. त्यांना हवी असेन तर विचारतील." त्यांनी बुटाची नाडी घट्ट केली. "विचारलंच तर तयारी असावी, म्हणून आपलं."

"मग तुम्ही विचारा!"

"कधी विचारू? रोज कुणाकडे तरी वार असतो त्यांचा."

"यादी कुणी केली?"

"मी," त्या म्हणाल्या आणि हसायलाच लागल्या. मला हसू आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, पण इथे वळसा कोण घालत होतं आणि कळसा कुणाच्या काखेत होता, हेही मला धड सांगता आलं नसतं.

मी त्यांना म्हटलं, एक दिवस रद्द करा. त्या म्हणाल्या, कुणाचा? सोमवारवाल्यांना वाईट वाटेल, शनिवारवाले आधीच रुसलेले. मी म्हटलं, माझा मंगळवार घ्या. "तुझ्या मुलीची यंदा नववी आहे, तिच्याबद्दल तुम्हाला नीट ऐकायला हवं," त्या म्हणाल्या. या बाईला हलवणं कुणाच्या बापाला जमणार नव्हतं. मीच मंजूला सांगून टाकावं असं दहादा मनात आलं. पण सरलाताईंनी बाकावरून उठताना माझा हात धरून सांगितलं होतं, तू मध्ये पडू नकोस, सांगून बोलावलेलं मला नको आहे.

फेब्रुवारी आला. त्यांची गाडी पुढच्या सोमवारची होती. गुरुवारी दुपारी केतकीचा फोन आला की मुलाला कांजिण्या आल्यात, आजचं जेवण रद्द. अर्ध्या तासात सरलाताईंचा फोन.

"तेजू, ये गं संध्याकाळी. ते घरी आहेत जेवायला."

"मग? चांगलंच आहे की."

"मला काही सुचत नाहीये. तू ये."

मी गेले. मुगाची खिचडी, टोमॅटोचं सार, भाजलेला पापड. सलीलने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. त्याने तीनदा वाढून घेतलं. आभाने ताट चाटलं म्हटलं तरी चालेल. दहा आठवडे पक्वान्नं खाल्लेली ती माणसं खिचडीवर अशी तुटून पडली की मला माझ्या सगळ्या पुरणपोळ्यांची लाज वाटली.

मग जेवण संपलं आणि कुणाला काही बोलता येईना. मोबाइल लावायचा नव्हता. निघायचं नव्हतं. चौघंही आपल्याच घरात पाहुण्यांसारखी बसली होती, आणि मी पाचवी. पंख्याकडे बघून झालं, कॅलेंडरकडे बघून झालं. शेवटी सरलाताई म्हणाल्या, "मग? काय म्हणतंय तिकडे?"

मंजूने दोन्ही हात मांडीवर ठेवले. "आमच्याकडे सध्या अठ्ठेचाळीस मुली आहेत," ती म्हणाली. "सगळ्यात लहान सहा वर्षांची आहे..."

तिला कळतच नव्हतं ती काय करतेय. जेवण झालं, समोरच्या माणसाने विचारलं, की तिचं हे सुरू व्हायचं. आणि सरलाताई, ज्यांनी हे सगळं गावभर सांगितलं होतं, त्या मान डोलावत ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "साप निघतात का?" अगदी आम्ही विचारायचो तसं. मला ओरडावंसं वाटलं. सलीलने मान खाली घातली होती. मंजू सापांबद्दल सांगून कोंबडीवर आली. "एक मुलगी दोन दिवस चालत आली, आणि तिच्या काखेत..."

"मम्मी," आभा म्हणाली, "ही तर आजी आहे."

मंजू थांबली.

"आजीला माहीत आहे ना कोंबडीची स्टोरी. आजीनेच सबको बताया."

मंजूचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग असा वाकडा झाला की मला ती शाळेतली आठवली, कंपासने बोट टोचून घेतलेली. सरलाताई उठल्या. मला वाटलं तिला जवळ घेतील. त्या फ्रिजकडे गेल्या, यादी काढली, आणि आतल्या खोलीत जाऊन पलंगाखालचे बूट घेऊन आल्या. दोन्ही गोष्टी त्यांनी मंजूसमोर टेबलावर ठेवल्या, उष्ट्या ताटांच्या मध्ये. एरवी जेवणाच्या टेबलावर पिशवी ठेवली तरी त्या रागावतात.

"यादी करताना माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "माझं घर राहिलं. आता राहिलं ते राहिलं. पण तुमच्याकडे माझा एक वार लावा."

"म्हणजे?" मंजूने विचारलं.

"मला तिकडे यायचंय. राहायला. नको असेन तर तसं सांग, मला वाईट वाटणार नाही." वाईट वाटणार नाही म्हणतानाच त्यांचा आवाज फाटला.

मंजू बुटांकडे बघत राहिली. तळवे झिजायला लागलेले तिने पाहिले असावेत. "आई, मागच्या वेळीही मला हेच विचारायचं होतं. या वेळीही. रोज ठरवते. पण तू आलीस तर इथलं काय? संस्थेत सगळे म्हणतात, मंजूची आई कोलकात्यात आहे म्हणून आपल्या मुलींना घरं आहेत. तू इथून हललीस आणि सात घरं सुटली तर मी त्या पोरींना काय सांगू? म्हणून नाही विचारलं. मला वाटलं, तुला हे काम आवडतं."

"आवडतं ना," सरलाताई म्हणाल्या आणि खाली बसल्या. बूट त्यांनी उचलून मांडीवर घेतले.

मंजूच्या बोलण्यात त्यांचं कौतुक होतं आणि त्याच बोलण्याने त्यांची वाट बंद केली होती. आपल्याच चांगुलपणात ही बाई अडकली होती. त्यांना ते कळलं, हे मला दिसलं. त्या हळूहळू मान हलवायला लागल्या. आता त्या म्हणणार होत्या, बरोबर आहे तुझं, आणि बूट परत पलंगाखाली जाणार होते. मला इतका राग आला की काय सांगू. मंजूचा, सरलाताईंचा, मंडळाचा, शनिवारवाल्यांचा. माझं तोंड नेहमीप्रमाणे माझ्या आधी बोललं.

"मी बघते इथलं!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सात घरं काय, दहा बघते. स्वेटर विणता येत नाही मला, विकत आणीन. जा तुम्ही."

मंजू उठून माझ्या गळ्यात पडली आणि रडायला लागली, मोठ्याने, तिच्या त्या जुन्या भोंग्यासारख्या आवाजात. त्या तीन महिन्यांत ती मला पहिल्यांदा ओळखीची वाटली. तिच्या खांद्यावरून मला सरलाताई दिसत होत्या. त्या मला अंदाज घेतल्यासारख्या न्याहाळत होत्या.

"तुला जमेल?" त्यांनी विचारलं. "शनिवारवाल्यांशी गोड बोलावं लागतं."

घरी जाऊन मी अरुणना सांगितलं. ते म्हणाले, "लष्कराच्या भाकऱ्या आता आपल्या तव्यावर का?" मी हो म्हटलं आणि रडायला लागले. त्यांनी घाबरून चहा केला. मी केलं ते चांगुलपणाने केलं की रागाने, हे मला त्या रात्री ठरवता आलं नाही, आणि अजूनही येत नाही. मंडळात मला माणसं पुष्कळ आहेत. पण या शहरात मला समजून घेणारी आणि माझ्यावर न चिडणारी एकच बाई होती, आणि तिला जा म्हणून मीच सांगून आले होते.

अरुणाचलात जायला परमिट लागतं. ते सलीलने मोबाइलवरून काढलं, त्याच गाडीचं तिकीटही कसंबसं मिळवलं. सोमवारी हावड्याला आम्ही सगळे होतो, सातही घरं. शनिवारवाल्यांनी चिवड्याचा डबा दिला. सरलाताई खिडकीत बसून मला सूचना देत होत्या. प्रभाकररावांना तारखा आठवण करून द्यायला लागतात. केतकीला संध्याकाळी सातनंतर फोन कर. पत्र आलं की ज्याचं त्याला आधी दे, ग्रुपवर टाकायची घाई करू नकोस. पातळाखालून बूट दिसत होते आणि येणारा-जाणारा हमाल वाकून बघत होता.

"परत कधी येणार?" मी विचारलं.

"बघू या," त्या म्हणाल्या, आणि गाडी हलली.

आता मी घरोघर फोन करते. प्रत्येक जण आधी विचारतो, सरलाताई कधी येणार? मला माहीत नसतं. माहीत नाही म्हटलं की लोकांना वाटतं, मी लपवतेय. एक घर चेन्नईला बदलून गेलं. त्याच्या जागी मी आमच्या बिल्डिंगमधलं बंगाली जोडपं जोडलं, आणि ते चालतं की नाही यावर मंडळात दोन मतं आहेत.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी सरलाताईंचा फोन लागला. तिकडे रेंज मिळायला त्यांना म्हणे टेकाडावर चढावं लागतं. मागे मुलींचा गलका होता. मी विचारलं, काय करता दिवसभर? त्या म्हणाल्या, जेवते. मुलींनी आजीचे वार लावलेत. वसतिगृहाच्या सहा खोल्या, रोज एका खोलीतल्या मुलींच्या ओळीत बसायचं. कोणत्या खोलीला शनिवार यावरून भांडणं झाली.

"आणि मंजूकडे?" मी विचारलं.

"रविवार," त्या म्हणाल्या. "गेल्या रविवारी तिला दवाखान्यातून यायला जमलंच नाही. पण यादीत आहे गं माझं नाव." वारा आला असावा, थोडा वेळ नुसतीच खरखर ऐकू आली. मग त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे मंगळवारी जेवायला कोण असतं आता?"

मी म्हटलं, कुणी नाही.